पहाटे गाडी उचलत नाही तेव्हा

निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी सकाळी दोन आकड्यांची चौकशी होते. लासलगावला कांदा काय भावाने गेला आणि कुंदेवाडीला पारा किती उतरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद पाच-सहा अंशांवर आली की बागांमधून शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात, कारण अशा थंडीत द्राक्षाच्या मण्यांची फुगवण थांबते आणि तयार होत आलेला मणी तडकतो. बागाईतदाराचा जीव तिकडे टांगणीला लागलेला असतो आणि नेमकी तेव्हाच अंगणातली गाडी हटून बसते. त्या दिवसांत आमच्या वस्तीवर कोंबड्याच्या आधी सेल्फचे आवाज ऐकू येतात.

माझी डिझेल हॅचबॅक दहाव्या वर्षात होती तेव्हा हा प्रकार माझ्याही दारात आला. आईला तपासणीसाठी नाशिकला सकाळी लवकर पोचवायचं असायचं, म्हणजे उजाडायच्या आत निघणं आलं. लक्षणं खरं तर नोव्हेंबरातच दिसू लागली होती. चावी फिरवताच धरणारी गाडी थोडी जास्त फिरवावी लागत होती. धरली की अर्धं मिनिट थरथरायची, मागून पांढरा धूर, आणि त्या धुराला कच्च्या डिझेलचा, डोळ्यांना झोंबणारा वास. एकदा गरम झाली की दिवसभर तक्रार नाही. दुपारी कुणालाही दाखवावी तर एका झटक्यात चालू.

हायवेवरच्या एका गॅरेजने आधी बॅटरी बदलली. जुनी बॅटरी चार वर्षांची होती, त्यामुळे हरकत घ्यायला जागा नव्हती. गाडी जरा जोरात फिरू लागली, पण धरायला तेवढाच वेळ. मग सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश बदलले. फरक शून्य. शेवटी निदान झालं की इंजेक्टर गेले, चारही काढून कॅलिब्रेशनला पाठवावे लागतील. त्याचा जो आकडा सांगितला त्यात एक बरी दुचाकी आली असती. या सगळ्यात गाडी त्यांच्याकडे पोचायची ती दहा-अकरा वाजता, दहा-बारा किलोमीटर पळून, इंजिन तापलेलं असताना. पहाटेचा दोष दुपारी बघायला बसलं तर हाती अंदाजच लागतो, आणि गॅरेजमधल्या अंदाजाचं बिल होतं.

थंडीने गाडी बिघडत नाही, हे तेव्हापासून मी दहा जणांना तरी ऐकवत असेन. आधीपासून जे अर्धवट झालेलं असतं ते थंडीत उघडं पडतं. नव्या, घट्ट कॉम्प्रेशनच्या डिझेल इंजिनाला आपल्याकडच्या पाच अंशांचं फारसं काही वाटत नाही. त्यामुळे ‘थंडी आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नये, आणि कुणी एक पार्ट सांगितला म्हणून तो आणायलाही धावू नये.

आमच्या गावात एक वायरमन आहे, ट्रॅक्टर आणि पिकअपची कामं करणारा. त्याला फोनवर सगळी कहाणी सांगितली तर त्याने एकच विचारलं, “भाऊ, फिरते आणि धरत नाही, का फिरतच नाही?”

मी म्हटलं, फिरते.

“मग आज रात्री उघड्यावर लावा. वरून काही टाकू नका. आणि सकाळी मी येईस्तोवर चावीला हात लावायचा नाही.”

त्याचा तो प्रश्न म्हणजे अर्धं निदान आहे. गाडी चालू होत नाही या एका वाक्यात चार निरनिराळे आजार असतात आणि ते कानानेच वेगळे करता येतात. चावी फिरवल्यावर नुसतं ‘टकटकटकटक’ झालं तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकदाच ठणठणीत ‘टक’ होऊन शांत झालं तर सेल्फपर्यंत करंट पोचत नाही किंवा सेल्फ अडकला आहे. ‘घुर्रर्र... घुर्रर्र...’ असं रडतखडत फिरत असेल तर बॅटरी, केबल, अर्थिंग, सेल्फ, फार घट्ट ऑइल यांपैकी काहीतरी. आणि झपाझप फिरूनही धरत नसेल तर बॅटरीला दोष देणं सोडा. मग प्रश्न डिझेलचा, हवेचा किंवा उष्णतेचा असतो. पेट्रोल गाडी असेल तर ठिणगीचा.

याला जोडून एक साधी परीक्षा आहे. हेडलाइट लावून समोरच्या भिंतीवर उजेड पाडायचा आणि सेल्फ मारायचा. उजेड पार विझत आला तर बॅटरी किंवा तिची जोडणी कमकुवत. उजेड जसाच्या तसा राहिला आणि इंजिन हललंच नाही तर बॅटरी चांगली आहे, अडथळा पुढे आहे: रिले, इग्निशन स्विच, सोलेनॉइड, किंवा हल्ली बऱ्याच गाड्यांना असतो तो क्लचखालचा छोटा स्विच. याला मीटर लागत नाही आणि मेकॅनिकला फोनवर सांगायला नेमकं काहीतरी हाती लागतं.

पण मीटर घ्याच, असं मी म्हणेन. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत येतो आणि पहिल्याच हिवाळ्यात पैसे फेडतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी, काहीही चालू करायच्या आधी मोजायची. दरवाजा उघडला की आतले दिवे आणि कॉम्प्युटर जागे होतात, म्हणून बॉनेट रात्रीच नुसतं टेकवून ठेवलेलं बरं. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. १२ च्या खाली गेली तर चार्जिंगला लावायची, वाद नाही. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं आणि त्या वेळी आकडा पाहायचा. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकलेली आहे, मग उभी असताना ती कितीही चांगला आकडा दाखवो. गाडी चालू झाल्यावर पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसला तर अल्टरनेटर काम करतोय.

बॅटरीबद्दल एक गोष्ट उलटी वाटेल, पण तिचं नुकसान उन्हाळ्यात होतं. एप्रिल-मेच्या तापात आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. पण गरम इंजिन फिरवायला कमी ताकद लागते म्हणून ते झाकलं जातं. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते. शून्याच्या आसपास चांगल्या बॅटरीचीही ताकद पाव हिश्श्याहून अधिक घटते, आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल इंजिनाला जास्त जोराने फिरवायला लावतं. म्हणून पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी मे अखेरीस पाहायला हवी. डिसेंबरात पाहून फारसा उपयोग नाही. बॅटरी चांगली आहे आणि तरी दोन दिवस उभी राहिली की उतरते, असं असेल तर बाहेरून बसवलेला अँप्लिफायर, जीपीएस ट्रॅकर, कॅमेरा यांच्याकडे संशयाने पाहा. गाडी बंद करून झोपी गेल्यावर तिने ५० मिलिअँपिअरच्या आत भागवायला हवं. दुकानातून चकाचक बसवून आणलेली म्युझिक सिस्टिम रात्रभर याच्या कितीतरी पट ओढत बसलेली मी पाहिली आहे.

तर वायरमन सकाळी आला. गवतावर दव, टपावर दव, हातात बोटं उघडी असलेले मोजे. बॅटरी पाहिली, १२.६. “नवी आहे, चांगली आहे,” म्हणाला. मग मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर ठेवली आणि लाल वायर थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. मला म्हणाला, “मारा सेल्फ.” मी मारला. इंजिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह ही दोन्ही एकच असायला हवीत, म्हणजे मीटरवर जवळजवळ शून्य दिसायला हवं, ०.२ पर्यंत चालतं. आमच्या मीटरवर ०.७ आला. याचा अर्थ तेवढा दाब वाटेतच खाल्ला जात होता. त्याने गिअरबॉक्सजवळ हात घातला आणि विणलेल्या तांब्याची अर्थिंगची पट्टी ओढून दाखवली. बोल्टखाली हिरवा गंज, आणि विणीतले निम्मे धागे तुटलेले. कानाला गाडी ‘बरी फिरते’ असं वाटत होतं ते खरं नव्हतं. कॉमन रेल डिझेलमध्ये सेल्फच्या फिरण्यातूनच पंपाला दाब तयार करायचा असतो. इंजिन पुरेशा वेगाने फिरलं नाही तर रेलमध्ये दाब चढत नाही आणि कॉम्प्युटर इंजेक्टर उघडायला परवानगी देत नाही. म्हणजे इंजेक्टर गेले असं ज्याला म्हटलं जात होतं त्यातला एक वाटेकरी ही पट्टी होती.

दुसरा वाटेकरी होता हीटर प्लग, म्हणजे ग्लो प्लग. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-अठरा पट दाबून तापवायची आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा, की ते आपोआप पेटतं. सकाळी सिलेंडरचं लोखंडच थंडगार असतं. दाबलेल्या हवेची उष्णता ते शोषून घेतं, फवारा पेटत नाही आणि न जळलेलं डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने मागून बाहेर पडतं. त्या डोळ्यांत झोंबणाऱ्या वासाचं कारण हेच. प्रत्येक सिलेंडरमध्ये पेन्सिलीएवढा एक हीटर बसवलेला असतो. चावी पहिल्या टप्प्यावर नेली की त्याचं टोक लाल होतं आणि डॅशबोर्डवर पिवळी वेटोळी पेटते.

या वेटोळीने भल्याभल्यांना फसवलं आहे. जुन्या गाड्यांमध्ये ती नुसत्या वेळेच्या हिशोबाने चालते. इंजिन किती थंड आहे ते पाहून कॉम्प्युटर दोन सेकंद, चार सेकंद दिवा लावतो आणि विझवतो. प्लग खरोखर तापला की नाही याच्याशी तिचं देणंघेणं नसतं. माझ्या गाडीत दिवा रोज नेमाने लागत होता आणि विझत होता, म्हणून हीटरकडे कुणी पाहिलंच नाही.

वायरमनने चारही प्लगांवरून जाणारी पट्टी सोडवायच्या आधी तिथे व्होल्ट मोजले. साडेअकरा. म्हणजे रिले आणि त्याचा मोठा फ्यूज ठीक. ही पायरी लोक गाळतात आणि रिले गेलेला असताना चार नवे प्लग आणून बसवतात. मग त्याने पट्टी काढली, मीटर ओहमवर ठेवला आणि एकेका प्लगाच्या टोकाला वायर लावली. पहिला १.१. दुसऱ्याला मीटरच्या डाव्या कोपऱ्यात नुसता १ उभा राहिला. स्वस्त मीटर वायर तुटलेली असली की असं दाखवतात. तिसरा १.३. चौथा पुन्हा तोच कोपऱ्यातला १. चारांतले दोन मेलेले. चांगल्या प्लगाचा रोध साधारण अर्धा ते दीड ओहम असतो आणि मीटरच्या वायरींचाच त्यात थोडा वाटा येतो, म्हणून दशांशाच्या हिशोबात अडकू नये. चारही एकमेकांच्या जवळपास आहेत ना, एवढं पाहावं.

प्लग काढणं मात्र घाईचं काम नाही. इथे मी जरा रेंगाळतो, कारण इथे चूक झाली तर हजाराचं काम लाखाकडे जातं. प्लग बारीक असतो, अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वर्षानुवर्षं रुतलेला असतो, भोवती कार्बन जमलेला असतो. थंड इंजिनात जोर लावला की तो अर्ध्यातून तुटतो, आणि मग तुकडा काढायला हेड उतरवायची पाळी येते. वायरमनने त्या सकाळी काढलाच नाही. मुळाशी गंज सोडवणारं तेल मारलं आणि सांगितलं, आज चालवा, उद्या चालवा, रोज हे मारा. नंतर इंजिन चांगलं गरम असताना त्याने लांब पाना लावून हलका पीळ दिला. एक प्लग किरकिरला तसा तो थांबला, उलटा अर्धा फेरा फिरवला, पुन्हा तेल, पुन्हा थोडा पीळ. चौथा प्लग बाहेर यायला बाकीच्या तिघांपेक्षा जास्त वेळ गेला. त्याचं टोक फुगून काळंठिक्कर पडलं होतं. असा फुगलेला प्लग ओढून काढला तर टोक सिलेंडरमध्येच गळून पडू शकतं. ज्या मेकॅनिकला हे काम ‘दहा मिनिटांचं’ वाटतं त्याच्या हाती ते देऊ नका.

चारही नवे घातले. दोनच घालून भागलं असतं, पण एका वयाचे चार असताना दोघं गेले म्हणजे उरलेले दोघं रांगेत आहेत, हा त्याचा युक्तिवाद मला पटला. प्लग मागवताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगूनच मागवावेत. जुना प्लग बॅटरीला जोडून टोक लाल होतं का हे पाहायची जुन्या मिस्त्रींची पद्धत आहे, पण नव्या गाड्यांतले बरेच प्लग १२ व्होल्टचे नसतात, पाच-सात व्होल्टवर चालतात. त्यांना थेट बॅटरी लावली की चांगला प्लगही डोळ्यांदेखत जातो. अर्थिंगची पट्टी नवी आणि दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकेपर्यंत साफ. सगळं मिळून इंजेक्टरच्या त्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्यात बसलं. त्या आठवड्यात पारा आणखी उतरला आणि गाडी वेटोळी विझताच धरू लागली. इंजेक्टर आजही तेच आहेत.

हीटर आणि करंट दोन्ही चांगले असूनही डिझेल गाडी सकाळी खूप वेळ फिरवावी लागत असेल तर लाइनमध्ये हवा शिरते का ते पाहा. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत ओसरतं आणि सकाळी पंपाला आधी ते ओढून आणावं लागतं. ज्या गाड्यांना हातपंप आहे तिथे परीक्षा सोपी: सकाळी सेल्फ मारायच्या आधी हातपंप कडक होईस्तोवर दाबा. त्यानंतर गाडी लगेच धरली तर दोष सापडला. फिल्टरची रबरी सील, पाइपचे क्लिप, इंजेक्टरवरून परत येणारा बारीक पाइप, यांपैकी कुठेतरी केसाएवढी फट असते. डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, त्यामुळे ओल दिसत नाही आणि शोधणारा वैतागतो. मधे थोडा पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे दिसतात. फिल्टरखालच्या बोल्टातून साचलेलं पाणीही पावसाळा संपल्यावर काढून टाकावं.

शेतकऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पंपावर मिळणाऱ्या डिझेलचं भारतीय मानक उन्हाळ्याला आणि हिवाळ्याला निराळं आहे. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबवू लागतं, त्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश आहे आणि उन्हाळी डिझेलला १८ अंश. मेमध्ये भरून शेडमध्ये ठेवलेल्या पिंपातलं डिझेल डिसेंबरच्या पहाटे ट्रॅक्टरला घातलं तर ते कुरकुरणारच. पिंप दिवाळीपर्यंत संपवावं, थंडीत पंपावरून ताजं आणावं. रॉकेल मिसळायचा जुना तोडगा आता विसरायचा; कॉमन रेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो आणि रॉकेलने तो झिजतो.

पेट्रोल गाडीत प्रकरण हलकं असतं. जुने स्पार्क प्लग, कार्बनने माखलेला थ्रॉटल, आणि एक छुपा रुस्तुम म्हणजे कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर. इंजिन थंड असताना त्याने ‘गरम आहे’ असं सांगितलं की कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. मोबाइलला जोडायचा ओबीडी स्कॅनर असेल तर सकाळी चावी नुसती ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखी हवीत. एक ८ आणि दुसरं ४० दाखवत असेल तर पुढचं शोधायचं कारण नाही. सेल्फ मारून मारून प्लग ओले झाले असतील तर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक गाड्यांत त्याने पेट्रोल बंद होतं आणि हवा खेळून सिलेंडर कोरडे होतात.

सीएनजीवाल्यांनी हे मनावर घ्यावं. बहुतेक किट थंड इंजिन पेट्रोलवरच चालू करतात आणि पाणी जरा कोमट झालं की गॅसवर जातात. पेट्रोल ‘फुकट जातं’ म्हणून टाकी कायम रिझर्व्हवर ठेवणारे पुष्कळ आहेत. महिनोन्महिने पडून राहिलेलं पेट्रोल, कोरडा तापणारा पंप, न वापरून चिकटलेले इंजेक्टर, आणि मग डिसेंबरात दोष थंडीचा. पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

चालू करायची पद्धतही अनेकांची चुकते. ब्लोअर, हेडलाइट, मागची काच तापवायचं बटण, सगळं बंद. चावी पहिल्या टप्प्यावर, वेटोळी विझेपर्यंत थांबायचं. फार थंडी असेल तर चावी मागे घेऊन हेच पुन्हा एकदा. क्लच पूर्ण दाबायचा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल ढवळायचं ओझं सेल्फवर येत नाही. सेल्फ दहा सेकंदांहून जास्त मारायचा नाही, मधे अर्धा-एक मिनिट विसावा द्यायचा. चालू झाल्यावर रेस करू नये आणि दहा मिनिटं उभी ठेवून डिझेलही जाळू नये. पाऊण मिनिटाने निघावं, पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने. ऑइलच्या डब्यावरच्या दोन आकड्यांपैकी पहिला थंडीतला पातळपणा सांगतो. कंपनीच्या पुस्तकात जो लिहिलाय तोच घाला; ‘जुनं इंजिन आहे, जाड टाका’ हा सल्ला थंडीत अंगाशी येतो.

काही गोष्टी मात्र बिलकुल नकोत. हवेच्या पाइपमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारणं: त्यात ईथर असतं, हीटर प्लग लाल असलेल्या इंजिनात ते अवेळी भडकतं आणि पिस्टन, रॉड वाकतात. टाकीखाली पेटता बोळा धरणारे ट्रकवाले पाहिले असतील. तो प्रकार आज कुणी करू नये. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून हात शेकत बसणं तर जिवावर बेतणारं, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. धक्का मारायचा तर डिझेलला एक वेळ चालेल, पण पेट्रोलच्या गाडीत न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो. दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा असेल तर लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. काढताना बरोबर उलटा क्रम.

अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून आपल्याकडची मंडळी स्वतःची गाडी घेऊन ऐन जानेवारीत हिमाचलातल्या लाहौलला जाऊ लागली आहेत. तिथली थंडी आणि आपली थंडी यांची जातच वेगळी. आपल्याकडे निम्म्या जुन्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये नळाचं पाणी असतं. तिथे ते रात्रीत गोठतं आणि इंजिनाचा ब्लॉक फुटतो. निघण्याआधी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या. महाराष्ट्रातून टाकी फुल्ल करून नेऊ नका, ती वाटेत रिकामी होऊ द्या आणि डोंगराच्या पायथ्यापासून तिथलं डिझेल भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

आणि सगळं तपासून झालं, काहीच सापडत नाही, अशी वेळ आली तर टॉर्चने इंजिनाच्या मागच्या बाजूला उजेड पाडा. शेजाऱ्याच्या पिकअपचं असंच झालं. दोष सेल्फमध्ये नाही, दिव्यात नाही, हीटर प्लगात नाही. थंडीत उंदरांना गरम इंजिनासारखी जागा नाही, आणि ऊस तुटला की त्यांची बिऱ्हाडं शेतातून वस्तीकडे येतात. बॅटरीच्या ट्रेखाली कापसाचं आणि पाचटाचं घरटं होतं, हीटर रिलेकडे जाणारी वायर दोन ठिकाणी कुरतडलेली. वायर जोडून वर नळी चढवली, घरटं काढलं, आणि आता तो रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवतो. उजेड आणि वारा असला की उंदीर टिकत नाहीत, असं वायरमनचं म्हणणं. तंबाखूच्या पुड्या, नॅप्थॅलिनच्या गोळ्या, बाजारातले स्प्रे, सगळं लोक करून पाहतात. माझ्या पाहण्यात वायरींवर चढवलेली जाड जाळीदार नळीच तेवढी उपयोगी पडली, आणि गाडीजवळ धान्याचं पोतं न ठेवणं.